एक तिकीट द्यायचे आहे

लिहिण्याचे धाडस करतो आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागतो. माझे वय सदुसष्ट. आयुष्यभर मी जे लिहिले, ते तपासणीचे अहवाल. रिफायनरीतले बॉयलर आणि टाक्या तपासायच्या, त्यांच्या पत्र्याची जाडी किती उरली आहे ते मोजायचे आणि कळवायचे, हे माझे काम होते. अशा अहवालात ‘मी’ हा शब्द चालत नाही. ‘तडा आढळून आला’ असे लिहायचे असते. तो कोणाला आढळला, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे प्रथमपुरुषी एकवचनाशी माझी ओळख उशिरा होते आहे. विषयही क्षुल्लक आहे: फुटबॉलच्या सामन्याचे एक नको झालेले तिकीट आणि ते विकण्यावरचे निर्बंध. पण आमच्या कामात एक शिस्त होती. दोष लहान असो की मोठा, ज्याला दिसला त्याने तो नोंदवायचा. हा दोष मला दिसला आहे, म्हणून नोंदवितो.

मी ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहतो. मुलगी बॉथेलला असते, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. लहानपणी ती फुटबॉल खेळत असे. इथे ज्याला सॉकर म्हणतात, तो. सात वर्षे दर शनिवारी सकाळी मी तिला मैदानावर नेले. घडीची खुर्ची उघडून कडेला बसे आणि मांडीवर कामाच्या नियमांची कोड-पुस्तके उघडून वाचत राही. शिट्टी झाली की वर पाही, टाळ्या वाजल्या की टाळ्या वाजवी. एकदा गाडीत तिने विचारले होते, “बाबा, आज मी काय केलं, पाहिलंस?” मी म्हणालो, “छान खेळलीस.” ती म्हणाली, “आज मी खेळलेच नाही. बेंचवर होते.” त्यानंतर तिने तसे कधी विचारले नाही.

गेल्या वर्षाच्या अखेरीस तिने कळविले की मार्चमध्ये ऑफिसच्या परिषदेसाठी ती ह्यूस्टनला येणार आहे आणि एक शनिवार मोकळा आहे. मी तिला न विचारता त्या शनिवारच्या दुपारच्या सामन्याची दोन तिकिटे काढली आणि तीन महिने खेळ शिकलो. ग्रंथालयातून एक पुस्तक आणले. ऑफसाइडचा नियम काही केल्या डोक्यात शिरेना, तेव्हा मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या ओट्यावर मांडल्या. मोहरीची वाटी बचाव करणारी, हळदीची हल्ला करणारी आणि जिऱ्याची गोलरक्षक. हळद मोहरीच्या पलीकडे एकटी जाऊन उभी असताना चेंडू तिच्याकडे मारला, तर ते चूक. चेंडू मारला गेल्यानंतर ती पलीकडे धावली, तर बरोबर. हे ज्या दिवशी नीट उमगले, त्या दिवशी घरात सांगायला कोणी नव्हते. पत्नी जाऊन चार वर्षे झाली आहेत. मी ठरविले की हे मुलीलाच सांगायचे. सामना चालू असताना, तिच्या शेजारी बसून, सहज म्हणून.

सामन्याच्या आधीच्या रविवारी तिचा फोन आला.

“बाबा, आय ॲम सो सॉरी. कॉन्फरन्स ऑनलाइन केली त्यांनी. ट्रॅव्हल कॅन्सल.”

“असू दे. काम आधी.”

“तू काही प्लॅन केलं होतंस का?”

“विशेष काही नाही. एका सामन्याची तिकिटं होती.”

“सॉकर? तू?” ती हसली, पण लगेच थांबली. “ओ बाबा. मग ॲपवर सेल कर ना. दोन्ही टाक. दोन मिनिटांचं काम आहे.”

“बघतो,” मी म्हणालो.

मी खरोखरच बघितले. वाचण्यासारखे काही समोर आले की ते शेवटपर्यंत वाचायचे, ही माझी सवय. आमच्या राज्यात तिकीट पुन्हा विकण्यावर सरसकट बंदी नाही, असे मला वाचून समजले. पण तिकिटाबरोबरच्या अटी वेगळ्याच होत्या. तिकीट ही तुमची मालमत्ता नसून केवळ प्रवेशाची परवानगी आहे आणि ती परत घेता येते. विकायचे असेल तर त्यांच्याच ॲपवर विकावे. स्टेडियमच्या आवारात आणि पार्किंगमध्ये तिकीट विकणे, अथवा विकण्याची तयारी दर्शविणे, निषिद्ध आहे. मात्र पुढच्याच ओळीत लिहिले होते की तिकीट दुसऱ्याच्या नावे पाठविता येईल. त्यासाठी त्याचा ईमेल पुरेसा आहे. म्हणजे देण्यास हरकत नव्हती.

मला विकायचे नव्हतेच. शेजारच्या खुर्चीवर माझे माणूस बसावे, एवढेच हवे होते. मी फोनमधील नावांची यादी उघडली. तीत दोन डॉक्टर होते, विम्याचा एजंट होता, गवत कापणारा होता आणि माझ्याबरोबर काम केलेले अकरा जण होते, त्यांपैकी चार आता हयात नाहीत. आमच्या घरी लोकांना बोलावण्याचे खाते पत्नीकडे होते. ती फोन करी, मी दार उघडी. इतक्या वर्षांत कोणाला ‘चला, येता का?’ असे मी स्वतः विचारल्याचे मला आठवेना. मंगळवारी एका जुन्या सहकाऱ्याचा नंबर लावला आणि घंटा वाजण्याआधी बंद केला.

बुधवारी मला तोडगा सापडला. आमच्या मराठी मंडळाचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. मी त्यात सहसा वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहीत नाही. त्या गटासाठी मी निवेदन तयार केले. पहिल्या खर्ड्यात ‘माझ्यासोबत’ हा शब्द होता; तो फार जवळीक साधणारा वाटला, म्हणून काढला. ‘मोफत’ हा शब्द होता. तो घेणाऱ्याला कमीपणा आणील असे वाटले, म्हणून तोही काढला. उरले ते असे:

‘सस्नेह नमस्कार. शनिवारी दुपारच्या फुटबॉल सामन्याचे एक तिकीट द्यायचे आहे. इच्छुकांनी कळवावे.’

वाचकांना माझी चूक एव्हाना कळली असेल; मला ती कळायला दहा मिनिटे लागली. आपल्या भाषेत मंडईतली भाजीवालीसुद्धा मेथी विकत नाही, देते. ‘मेथी कशी दिली?’ असे विचारले की ती भाव सांगते. ‘द्यायचे आहे’ या शब्दांवर माझा फार विश्वास होता.

पहिले उत्तर आले, “कोणता फुटबॉल काका? खरा की सॉकर?”

दुसरे: “फेस व्हॅल्यूला की वर?”

तिसरे: “काका ब्लॅक करायला लागले, रिटायरमेंट प्लॅन!” पुढे हसून रडणारे तीन चेहरे.

चौथे: “दोन असती तर घेतली असती यार. एकटं कोण जातं मॅचला?”

आणि मग गट सांभाळणाऱ्या तरुणीचे. ती मला भेटली की नेहमी वाकून नमस्कार करते. “काका, सॉरी हं, पण ग्रुपवर सेलच्या पोस्ट अलाउड नाहीत. रूल नंबर चार. सगळ्यांना सेम रूल ठेवावा लागतो ना. मी डिलीट करते, राग मानू नका.”

माझे निवेदन पुसले गेले. विकण्यास मनाई होती, तेव्हा मी देऊ पाहिले. आणि देऊ पाहिले ते विक्री ठरून पुसले गेले. ‘मी विकत नव्हतो’ असे लिहिण्यासाठी मी फोन हातात घेतला. पण तसे लिहिले असते तर लोक म्हणाले असते, मग आधीच का नाही सांगितले? आणि त्याचे खरे उत्तर मला गटातल्या चारशे माणसांसमोर द्यावे लागले असते.

संध्याकाळी एका अनोळखी नंबरावरून मला वेगळा संदेश आला. त्यात दोनच शब्द होते: “कसं देणार?”

नमस्कार नाही, नाव नाही. नंबराशेजारच्या लहानशा चित्रात गणवेशातल्या मुलींची एक रांग आणि कडेला टोपी घातलेला कोणी माणूस दिसत होता. ते चित्र मी मोठे करून पाहिले नाही. सकाळपासूनच्या थट्टेने मन दुखावलेले होते. भाव विचारणारा आणखी एक, असे मी मनाशी म्हटले आणि फोन पालथा ठेवला. त्या संदेशाला मी उत्तर दिले नाही.

शनिवारी मी एकटाच निघालो. मार्चमध्येच हवा इतकी दमट होती की गाडीबाहेर पाऊल ठेवताच चष्म्यावर वाफ धरली. निघण्यापूर्वी एका जाड कागदावर इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘एक तिकीट, द्यायचे आहे.’ दुसरा शब्द मला त्याही भाषेत सुचला नव्हता. प्रवेशद्वारापासून थोडे दूर, एका झाडाच्या सावलीत, मी तो कागद छातीशी धरून उभा राहिलो. आयुष्यात इतक्या लोकांनी माझ्याकडे एकाच वेळी कधी पाहिले नसेल. कुटुंबे जात होती, नारिंगी शर्ट घातलेले मित्रांचे घोळके जात होते. सगळ्यांकडे तिकिटे होती आणि सगळ्यांबरोबर कोणी ना कोणी होते.

पिवळे जाकीट घातलेली एक सुरक्षारक्षक बाई आली. पन्नाशीची असावी, चालताना तिचा एक गुडघा दुखत होता.

“सर, इथे तिकीट विकता येत नाही.”

“विकत नाही. देतो आहे.”

“कितीला देताय?”

मला हसू आले. बुधवारपासून जो प्रश्न मराठीत ऐकत होतो, तोच मला इंग्रजीत ऐकू आला. मी हसलो, म्हणून तीही थोडी हसली. पण तिचा विश्वास बसला नव्हता.

“तसेच देतो आहे. पैसे नकोत,” मी म्हणालो. “माझी मुलगी येऊ शकली नाही.”

“हनी,” ती म्हणाली, “तुम्ही खरे बोलत असाल. पण तुम्ही कागद धरून उभे आहात. कोणीतरी येईल, फुकट कसे घ्यायचे म्हणून तुमच्या हातावर वीस डॉलर ठेवील, आणि ते मी पाहिले, तर मला तुम्हाला इथून बाहेर काढावे लागेल. मग तुमचेही तिकीट गेले.” विकण्याची तयारी दर्शविणे म्हणजे काय, हे अटींपेक्षा तिने अधिक सोपे करून सांगितले. मी कागदाची घडी घातली.

ती वळली, पण गेली नाही. “ओळखीचे कोणी नाही का जवळपास? फोन करा ना कोणाला तरी. अजून चाळीस मिनिटे आहेत.”

“हो, करतो,” मी म्हणालो आणि ती पाहत होती म्हणून फोन काढून कानाला लावला. कोणाचाही नंबर न लावता मी काही वेळ तसाच उभा होतो. नंतर आत गेलो.

जागा चांगल्या होत्या. मधल्या रेषेच्या थोड्या डावीकडे, सावलीच्या बाजूला. माझ्या उजवीकडची खुर्ची मुलीची. तिच्या पलीकडे एक बाई दोन पिशव्या, एक मोठा पेला आणि नाचोंचे ताट सावरत बसल्या होत्या. त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट करून विचारले, “इथे कोणी आहे का?”

“हो,” मी म्हणालो. “येत आहेत.”

हे मी का म्हणालो, ते मला सांगता येणार नाही. त्या बाईंनी पिशव्या पायांत घेतल्या आणि पहिला अर्धा खेळ अंग चोरून पाहिला. विसाव्या मिनिटाच्या सुमारास आमच्या बाजूचा एक खेळाडू एकटाच पुढे गेलेला मला दिसला. चेंडू त्याच्याकडे निघाला, आणि कडेच्या पंचाचे निशाण वर जाण्याआधीच मी पुटपुटलो, “ऑफसाइड.” निशाण वर गेले. सगळे स्टेडियम ओरडत होते. माझ्या उजवीकडे मात्र निळी प्लॅस्टिकची खुर्ची मिटलेली होती. मध्यंतरात मी त्या बाईंना म्हणालो, “पिशव्या ठेवा तुम्ही इथे. ते येणार नाहीत बहुतेक.” त्यांनी माझ्याकडे ज्या मायेने पाहिले, ती मला सहन झाली नाही आणि मी पाणी आणायला उठलो. सामना बरोबरीत सुटला. रात्री मुलीने विचारले, “विकलीस का तिकिटं?” मी म्हणालो, “हो, दिली.”

हे इथेच संपले असते, तर मी लिहायला बसलो नसतो.

एप्रिलमध्ये एका शाळेच्या सभागृहात आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम होता. मंडळाच्या गटावर सर्वांना निमंत्रण होते, म्हणून गेलो. जेवणाच्या वेळी ताट घेऊन भिंतीकडेच्या खुर्चीवर बसलो, तेव्हा शेजारी एक गृहस्थ आले. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठे, उंच, ताठ, डोक्यावर पांढरी कापडी टोपी.

“जय भीम, साहेब. बसू का इथं?”

“जय भीम. बसा ना.”

ते नागपूरकडचे होते. शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून चौतीस वर्षे काढली, मुलींचा फुटबॉल संघ जिल्ह्यात नेला, विभागात नेला, असे त्यांनी भात कालवता कालवता सांगितले. वर्षभरापासून ते थोरल्या मुलाकडे होते. गाडी चालवीत नाहीत. “पोरगा सकाळी जातो, सून सकाळी जाते. मी आणि तो डिशवॉशर, दोघंच घरी. त्याला निदान आवाज तरी आहे,” ते म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले.

मी म्हणालो, “मी अलीकडेच ऑफसाइड शिकलो.” हे वाक्य मी कधी कोणासमोर उच्चारीन असे मला वाटले नव्हते.

“शिकायचं काय त्यात? बॉल निघायच्या आधी पुढं पळालं, की गेलं काम. पोरींना मी हेच सांगायचो. घाई नको.” मग त्यांनी चमचा माझ्यासमोर नाचविला. “पण मागंच उभं राहिलं तर शिट्टी कोणी वाजवत नाही हं. तसा नियम नाही. फक्त गोलही होत नाही.”

मग ते सहज म्हणाले, “मागं एकदा गटावर कोणीतरी तिकीट टाकलं होतं बघा, शनिवारच्या मॅचचं. मी लगेच विचारलं त्यांना, कसं देणार म्हणून. म्हणजे फोनातून देता, का कागद देता? माझ्या फोनात ते ॲप-बीप नाही ना जी. आणि जायचं कसं, तेही विचारायचं होतं. सून म्हणाली, बाबा, एका वेळी एकच प्रश्न विचारा, लोक घाईत असतात. म्हणून एकच विचारला.” त्यांनी पुढचा घास घेतला. “उत्तर नाही आलं. गेलं असेल कोणाला तरी.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. कसं देणार, हा प्रश्न रीत विचारणारा होता. मी त्याला भाव विचारणारा समजलो. ‘देणे’ या शब्दाचा इतरांनी चुकीचा अर्थ घेतला म्हणून मी चार दिवस कष्टी होतो आणि ज्या एकाच माणसाने तो बरोबर घेतला होता, त्याला मी उत्तर दिले नव्हते.

ते तिकीट माझे होते, हे मी त्या क्षणी सांगायला हवे होते. आमच्या मधे एका ताटाएवढे अंतर होते. मी म्हणालो, “हो, मीही पाहिलं होतं ते. बहुतेक विकलं गेलं.”

“तेच म्हणतो,” ते म्हणाले.

निघताना त्यांनी सांगितले की पुढच्या महिन्यात ते धाकट्या मुलाकडे, अर्विंगला राहायला जाणार आहेत. “पोरांनी वाटून घेतलंय. वर्ष याच्याकडे, वर्ष त्याच्याकडे. मॅचसारखं, एकदा होम, एकदा अवे,” ते म्हणाले. त्यांनी माझा नंबर मागितला नाही आणि मीही त्यांचा मागितला नाही. मला तो मागण्याची गरज नव्हती; तो माझ्या फोनमध्ये बुधवारपासून, त्या बुधवारपासून, पडून होता. घरी आल्यावर मी ते चित्र प्रथमच मोठे करून पाहिले. मुलींच्या पायांत बूट निरनिराळे होते, गणवेश मात्र सारखे होते आणि टोपीवाले गुरुजी चित्राच्या बाहेर कोणाला तरी ओरडून काहीतरी सांगत होते.

अर्विंग माझ्या घरापासून गाडीने चार तासांवर आहे. त्या बाजूला ऑगस्टमध्ये एक सामना आहे. मी दोन तिकिटे काढली आहेत आणि त्यांच्या अटी पुन्हा शेवटपर्यंत वाचल्या आहेत. मुलीशी याविषयी बोललो नाही. त्यांच्या दोन शब्दांखाली मी रोज उत्तर लिहितो: ‘तिकीट माझे होते. तुमच्या दारी गाडी घेऊन येईन आणि हातात देईन. शेजारीच बसायचे आहे.’ रोज ते वाचतो, त्यातले एक-दोन शब्द काढतो, पुन्हा घालतो आणि पाठवीत नाही. आता मे संपत आला आहे.

‘कसं देणार?’ असे एखाद्याने मार्चमध्ये विचारले असेल, तर त्याला इतक्या उशिरा उत्तर पाठविलेले चालेल का?